आयुष्यभराचे दोन ग्रॅम

आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी दिवसभरात जे थायरॉक्सिन बनवते त्याचं वजन 80 ते 100 मायक्रोग्रॅम असतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. साखरेचा एक दाणा बोटाच्या टोकावर घ्या, तेवढ्या वजनात या द्रव्याचा काही दिवसांचा शिधा मावेल. सत्तर वर्षांच्या आयुष्यातले सगळे दिवस मोजले तरी बेरीज दोन-अडीच ग्रॅमच्या फारशी पुढे जात नाही. हृदयाचे ठोके, श्वासाची लय, अंगातली ऊब, आतड्यांची हालचाल, स्मरणशक्ती, आवाजाचा पोत, सगळं या दोन ग्रॅमांच्या भरवशावर चालतं. मला या हिशेबाचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. आणि हे द्रव्य संपत जातं तेव्हा म्हाताऱ्या शरीरात काय घडतं, आणि अगदी काठावर पोहोचलेल्या माणसाला डॉक्टर परत कसे आणतात, हे वाचत गेल्यावर तर ते वाढतच गेलं.

थायरॉक्सिनच्या रेणूवर आयोडिनचे चार अणू असतात. पेशीत पोहोचल्यावर एक विकर त्यातला एक अणू काढून घेतं. उरलेला तीन अणूंचा रेणू, ज्याला टी-3 म्हणतात, पेशीकेंद्रात शिरतो. तिथे डीएनएला धरून बसलेली काही प्रथिनं असतात. टी-3 त्यांच्यावर येऊन बसला की काही जनुकं कामाला लागतात आणि काही थांबतात. हृदयाच्या स्नायूतला कॅल्शियम ओढून घेणारा पंप या हुकुमावर बनतो. ठोका पडून गेल्यावर हृदय सैल पडतं ते या पंपामुळे. पेशींच्या कवचावरचे सोडियम-पोटॅशियमचे पंपही याच हुकुमावर वाढतात, आणि ते सतत ऊर्जा खर्च करत राहतात म्हणून आपलं अंग गरम असतं.

हुकूम येईनासा झाला की हे सगळं मंदावतं, पण कमालीचं सावकाश. रक्तातल्या थायरॉक्सिनचा निम्मा साठा संपायला सात दिवस लागतात. ग्रंथीच्या आतही काही आठवडे पुरेल एवढी शिल्लक असते. म्हणून थायरॉइडची एखाद्या दिवसाची गोळी चुकली तर सहसा काही जाणवत नाही. दोन-चार दिवस चुकली तरी फारसं बिघडत नाही, आणि त्यातूनच गोळीवाचून चालतं असा समज होतो. घसरण सुरू झालेली असते, पण ती महिन्यांच्या गतीने होते आणि घरातल्या कुणाच्याही नजरेला पडत नाही.

म्हातारपणी तर ती नजरेला पडायला वावच उरत नाही. आजी हल्ली लवकर दमतात. उन्हाळ्यातही शाल सोडत नाहीत. पोट साफ होत नाही म्हणून रोज तक्रार असते. आवाज जाड झालाय, कमी ऐकू येतं, एकच गोष्ट दोनदा विचारतात, जेवता जेवता पेंगतात. यातलं प्रत्येक लक्षण वयाच्या खात्यावर घालता येतं आणि घरोघरी तसंच घातलं जातं: वय झालं, चालायचंच. त्यात घरच्यांची हेळसांड नसते. लक्षणं खरोखरच तशी दिसतात, अनुभवी डॉक्टरांचीही फसगत होते.

नीट पाहिलं तर मात्र अंगावर खुणा सापडतात, आणि प्रत्येक खुणेमागे एकेक सुंदर कारण आहे. चेहरा फुगलेला असतो, पण बोटाने दाबलं तर खळगा पडत नाही. कारण त्वचेखाली नुसतं पाणी नसतं, हायालुरोनिक आम्लासारखे लांबलचक साखरी रेणू साठलेले असतात आणि त्यांनी पाणी धरून ठेवलेलं असतं. हेच रेणू जिभेत आणि स्वरयंत्रात साठतात, म्हणून जीभ जड होते आणि आवाज घोगरा. तळहातांवर पिवळसर छटा येते, पण डोळे पांढरेच राहतात. ही कावीळ नव्हे. भाज्या-फळांतल्या कॅरोटिनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर करण्याचं यकृताचं काम मंदावलेलं असतं. घोट्यामागच्या कंडरेवर हातोडीने हलकं ठोकलं की पाऊल चटकन खाली जातं, पण परत वर येताना रेंगाळतं. स्नायूतलं कॅल्शियम आवरणारा पंप कमी पडलेला असतो, त्याची ही उघड्या डोळ्यांनी दिसणारी साक्ष.

मनावरचा परिणाम सगळ्यांत उशिरा ओळखला जातो. लंडनमधले डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी 1949 साली अशा 14 रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांना भास होत होते, संशयाने घेरलं होतं, वेड लागलं असं सगळे समजत होते. थायरॉइडच्या उपचारानंतर त्यांच्यातले बरेच जण पूर्ववत झाले. मनोरुग्ण ठरवून कायमचं बाजूला ठेवलेल्या माणसाच्या मेंदूत कमतरता होती ती काही मायक्रोग्रॅमांची.

या रोगाची ओळख पटायलाच वैद्यकाला पंधराएक वर्षं लागली. 1873 साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या विल्यम गल यांनी पाच स्त्रियांचं वर्णन मांडलं. प्रौढ वयात त्यांचे चेहरे फुगले होते, बोलणं जड झालं होतं आणि मन सुस्त पडलं होतं. सेंट थॉमस हॉस्पिटलच्या विल्यम ऑर्ड यांनी काही वर्षांतच या अवस्थेला मिक्सिडीमा हे नाव दिलं. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत होते. त्यांचा हात इतका तयार होता की संपूर्ण ग्रंथी काढूनही रुग्ण सुखरूप घरी जात. काही वर्षांनी त्यांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासलं. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या 18 जणांपैकी 16 जण सुस्त, फुगलेले, मंद झाले होते. 1883 साली कोखर यांनी हे जाहीर केलं आणि संपूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने याच वर्षी समिती नेमली. 1888 च्या तिच्या अहवालाने निष्कर्ष काढला की गल यांच्या स्त्रिया, कोखर यांचे रुग्ण आणि जन्मतः मंद वाढीची मुलं या सगळ्यांचं मूळ एकच, थायरॉइडचा अभाव.

तीनच वर्षांनी, 1891 मध्ये, न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून मिक्सिडीमा झालेल्या 46 वर्षांच्या एका बाईंना टोचला. काही महिन्यांत बाई बोलू-चालू लागल्या. पुढच्याच वर्षी ग्रंथी पोटातून दिली तरी चालते हे सिद्ध झालं. इंग्लंडच्या एका डॉक्टरने तर हलकी परतून बारीक केलेली मेंढीची ग्रंथी करंट नावाच्या आंबट फळाच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायला सांगितली होती. मरे यांच्या त्या पहिल्या रुग्ण बाई 1919 पर्यंत, 74 वर्षांच्या होईपर्यंत, जगल्या. मरे यांनी नंतर हिशेब मांडला: 28 वर्षांत त्यांच्या उपचारासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. एका माणसाला जगवायला एवढा कळप! आज त्याच कामाची गोळी औषधाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते.

गोळी इतकी स्वस्त, रोग इतका ओळखीचा, तरीही काही माणसं अखेरच्या टोकापर्यंत पोहोचतात. त्या टोकाला मिक्सिडीमा कोमा म्हणतात. तिथे पोहोचणारी बहुतेक माणसं साठीच्या पुढची, आणि त्यांत बायका खूप जास्त. नावात कोमा असला तरी अनेक जण पूर्ण बेशुद्ध नसतात. ते गुंगीत असतात, बरळतात, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटतात. मोठ्या आवाजाची किंवा धावपळीची ही घटना नव्हे. महिनोन् महिने थायरॉक्सिन घटत गेलेलं शरीर कसाबसा तोल सांभाळून असतं आणि एखादा नवा भार येऊन तो तोल जातो. थंडीची लाट, न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, पडून मोडलेलं हाड, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, एखादी शस्त्रक्रिया, काहीही पुरेसं असतं. रात्री झोप लागत नाही म्हणून दिलेली झोपेची गोळी किंवा दुखणं थांबावं म्हणून दिलेलं अफूवर्गातलं औषधही पुरतं. मंदावलेलं यकृत ती औषधं लवकर निकाली काढत नाही, त्यामुळे साधी मात्रासुद्धा फार वेळ रेंगाळते.

पूर्वी या अवस्थेत दहातले सहा-सात जण दगावत. आता अतिदक्षता विभाग आहेत, तरीही चार-पाचातला एक दगावतो आणि काही ठिकाणी प्रमाण याहून पुष्कळ जास्त आहे. एखाद्या संप्रेरकाची कमतरता एवढी जीवघेणी का ठरते आणि ते संप्रेरक हाताशी असूनही उपचार इतके अवघड का, याचं उत्तर शरीराच्या एका विलक्षण तडजोडीत आहे.

अंगाच्या तापमानापासून पाहू. थायरॉक्सिन नसल्याने शरीर पुरेशी उष्णता बनवत नाही. मग आहे ती उष्णता राखण्यासाठी ते कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि रक्त छाती-पोटाच्या आत ओढतं. शरीरातलं एकूण रक्तही कमी झालेलं असतं. हृदय संथ आणि दुबळं, नाडी चाळीस-पन्नासवर आलेली. तरी आवळलेल्या वाहिन्यांमुळे रक्तदाब टिकून राहतो, कधी खालचा आकडा तर वाढलेलाही दिसतो. कमी रक्त, कमी ठोके, कमी ऊब, आणि एवढ्यावरही मेंदू-मूत्रपिंडांना पुरवठा चालू. शरीराने उभी केलेली ही व्यवस्था पाहून थक्क व्हायला होतं.

आता या गार पडलेल्या आजींना पाहून आपल्यापैकी कुणीही काय करेल? गरम पाण्याच्या पिशव्या लावेल, शेक देईल, हीटर जवळ आणेल. पण बाहेरून अशी जोरात ऊब दिली की आवळलेल्या वाहिन्या एकदम सैल होतात. आधीच कमी असलेलं रक्त कातडीकडे धावतं, रक्तदाब कोसळतो आणि दुबळ्या हृदयाला तो सावरता येत नाही. म्हणून अशा रुग्णाला साध्या ब्लँकेटांत गुंडाळतात, खोली उबदार ठेवतात आणि औषधाने आतूनच उष्णता तयार होण्याची वाट पाहतात. बाहेरून तापवण्याची वेळ आलीच, तर ते अतिदक्षता विभागात, रक्तदाबावर डोळा ठेवून, अगदी हळू. या एका गोष्टीने मला या सगळ्या उपचाराची दिशा समजली. शरीराने आपल्या तळाच्या पातळीवर जो समतोल जमवलेला असतो, त्याला धक्का न लावता तो वर आणायचा असतो. घाई केली तर तो तुटतो.

तापमानाचं आणखी एक गूढ आहे. घरातल्या काचेच्या थर्मामीटरवर 94-95 अंश फॅरनहाइटच्या खालचे आकडेच नसतात. पारा तळाशी राहिला तर आपण समजतो, थर्मामीटर नीट लागला नसेल. या रुग्णांचं तापमान मात्र खरोखर त्याखाली असू शकतं. 27 अंश सेल्सियसच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. रुग्णालयात त्यासाठी खालपर्यंत मोजणारं उपकरण लागतं. याच्या उलटही एक सापळा आहे. बर्फासारखी गार पडायला हवी होती अशी रुग्ण बाई 98.4 दाखवत असेल, तर अनुभवी डॉक्टर निश्चिंत होत नाहीत, सावध होतात. कारण या शरीराला ताप चढवायचीही ताकद नसते. संसर्ग झाला तरी अंग तापत नाही, नाडी वाढत नाही, घाम येत नाही. इतरांत 103 ताप आला असता तिथे हे शरीर कसंबसं सामान्य आकड्यापर्यंत पोहोचतं. त्यामुळे रक्त-लघवीचे नमुने तपासायला पाठवून, संसर्ग नाही असं सिद्ध होईपर्यंत बहुतेकांना प्रतिजैविकं सुरू करतात.

पहिला धोका मात्र श्वासाचा. आपण श्वास घेतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला याची मेंदूला चाहूल लागते म्हणून. थायरॉक्सिनवाचून ही चाहूल बोथट होते. शिवाय छातीचे स्नायू दमलेले आणि जीभ सुजून घसा अरुंद झालेला. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, त्याचीच गुंगी चढते, गुंगीने श्वास आणखी मंद होतो. बेशुद्धीचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं. म्हणून संप्रेरकाचा विचार करण्याआधी डॉक्टर श्वास हातात घेतात, रक्तातले वायू तपासतात आणि गरज पडली तर थांबत न बसता व्हेंटिलेटर लावतात. सुजलेल्या जिभेमागून घशात नळी घालणं कठीण असतं, त्यासाठी तयारीचा माणूस लागतो. व्हेंटिलेटरवरून उतरायलाही दिवस लागतात, कारण श्वासाचे स्नायू औषध मिळालं म्हणून त्याच दिवशी जोर धरत नाहीत.

मूत्रपिंडांचीही तीच गत. जास्तीचं पाणी ती बाहेर टाकू शकत नाहीत, रक्त पातळ होतं आणि सोडियम उतरतं. नुसत्या या कारणानेही माणूस बरळू लागतो, फेफरं येतं. इथेही भराभर सोडियम वाढवणं धोक्याचं. कमी सोडियमची सवय झालेल्या मेंदूच्या पेशींना एकदम दाट रक्त मिळालं तर मेंदूच्या देठातली मज्जातंतूंची आवरणं उसवतात, आणि ते नुकसान कायमचं ठरू शकतं. म्हणून साधारण 24 तासांत लिटरमागे 8 ते 10 मिलीमोलच्या पुढे जायचं नाही असा दंडक आहे. साखर उतरली असेल तर ग्लुकोज द्यायचं, पण अंगात साधं पाणी ओतत राहायचं नाही.

आणि आता मुख्य औषध. थायरॉक्सिन कमी आहे, तर ते द्या, इतकं सरळ असायला हवं होतं. पण त्याआधी दुसरंच एक इंजेक्शन देतात: हायड्रोकॉर्टिसोन, बहुधा 100 मिलिग्रॅम आणि दर आठ तासांनी पुन्हा. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. संकटात रक्तदाब धरून ठेवणारं हे संप्रेरक. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा चुकून थायरॉइडवर उलटली असेल, तर कधी कधी तीच अधिवृक्क ग्रंथींवरही उलटलेली असते. या दोन्ही ग्रंथींना आदेश देणारी मेंदूच्या तळाची पियूषिका ग्रंथी बिघडली असेल तर दोन्ही एकदम कमी पडतात. जोवर सगळं शरीर मंद असतं तोवर कॉर्टिसोलही मंदपणे खर्च होतं, म्हणून थोडक्यात भागतं. थायरॉक्सिन मिळताच शरीराचा वेग वाढतो, कॉर्टिसोल भराभर खर्च होतं आणि साठा रिकामा असेल तर जीव वाचवायला दिलेल्या औषधानेच रक्तदाब कोसळतो. रक्तातलं कॉर्टिसोल तपासायला नमुना आधी काढून घेतात, पण अहवालासाठी थांबत नाहीत. ग्रंथी ठीक आहेत असं नंतर कळलं की हायड्रोकॉर्टिसोन बंद करतात.

या दोन औषधांच्या मागे एकाच माणसाचं नाव आहे. एडवर्ड केंडॉल हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले रसायनशास्त्रज्ञ. 1914 च्या नाताळच्या दिवशी त्यांना थायरॉइडच्या अर्कातून थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक मिळाले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी डुकरांच्या जवळपास तीन टन ग्रंथींवर काम केलं आणि हाती आलं 33 ग्रॅम थायरॉक्सिन. त्यानंतर त्यांनी आपला मोर्चा अधिवृक्क ग्रंथींकडे वळवला, त्यांच्यातली संप्रेरकं एकेक करून वेगळी केली. कॉर्टिसोनचं काम त्यातलंच, आणि त्यासाठी 1950 सालचं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. आज कुठल्याही शहरात मिक्सिडीमा कोमातल्या म्हातारीच्या दंडात आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि मग थायरॉक्सिन जातं, तेव्हा केंडॉल यांच्या आयुष्यातले दोन अध्याय उलट क्रमाने एकमेकांना भेटतात. त्या माणसाला याची कल्पना असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

थायरॉक्सिनची मात्रा हा तर जाणकारांच्या कसोटीचा विषय. 1964 साली हॉल्वी नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून एकदम 500 मायक्रोग्रॅम देऊन पाहिलं आणि रुग्ण वाचू लागले. त्यामागचा तर्क साधा होता. शरीरभर पसरलेला थायरॉक्सिनचा साठा पूर्ण आटलेला असतो, तो आधी एका मोठ्या मात्रेने भरायचा आणि मग रोजचा खर्च रोज द्यायचा. पण म्हाताऱ्या हृदयाचा प्रश्न उरतोच. वर्षानुवर्षं अरुंद होत आलेल्या हृदयाच्या वाहिन्या संथ हृदयाला कसाबसा ऑक्सिजन पुरवत असतात. थायरॉक्सिन मिळालं की हृदय जोराने काम करू लागतं, ऑक्सिजन जास्त मागतं आणि वाहिन्यांना तो देता येत नाही. मग छातीत कळ, झटका किंवा ठोक्यांची लय बिघडणं. 1999 साली जपानच्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा वयस्कर रुग्णांमध्ये दिवसाला 500 किंवा त्याहून जास्त मायक्रोग्रॅम दिलेल्यांत मृत्यू अधिक आढळले. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2014 च्या मार्गदर्शनात पहिली मात्रा 200 ते 400 मायक्रोग्रॅम सांगितली आहे, आणि वयस्कर, किरकोळ बांध्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांना यातलीही कमीच. थोडं दिलं तर रोगाने जायची भीती, जास्त दिलं तर औषधाने.

मग चटकन काम करणारा टी-3 थेट का देऊ नये? काही जण थायरॉक्सिनच्या जोडीला अगदी थोडा देतातही, कारण आजारपणात थायरॉक्सिनचं टी-3 मध्ये रूपांतर करणारं विकर सुस्तावतं. पण टी-3 जोरकस आहे, त्याचा परिणाम तासांत दिसतो आणि तो परत घेता येत नाही. थायरॉक्सिन दिलं की पुढचं काम शरीराच्या हाती राहतं. प्रत्येक अवयव आपल्या गरजेपुरता एक आयोडिनचा अणू काढतो, आपल्या वेगाने. म्हाताऱ्या माणसात मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, आणि बहुतेक तज्ज्ञांचा कलही मुख्यतः थायरॉक्सिनवर भिस्त ठेवण्याकडे आहे. या सगळ्यात प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहायची नसते हेही तितकंच महत्त्वाचं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पियूषिकेचं संप्रेरक) आणि टी-4 (म्हणजे थायरॉक्सिन) यांचे नमुने काढायचे आणि गळ्यावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, घरच्यांनी सांगितलेली बंद पडलेली गोळी, गार अंग, संथ नाडी यांच्या भरवशावर उपचार सुरू करायचे.

आपल्याकडे अडचण अशी की शिरेतून द्यायचं थायरॉक्सिन सगळीकडे हाताशी नसतं. तालुक्याच्या गावी तर नसतंच. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेतल्या डॉक्टरांनी याच प्रश्नाला हात घातला. 1999 ते 2006 या काळात त्यांच्याकडे आलेल्या 23 रुग्णांचा अभ्यास त्यांनी 2008 साली प्रसिद्ध केला. त्यात 12 जण दगावले, म्हणजे निम्म्याहून अधिक. रोग किती उशिरा हाती येतो हे यावरून कळतं. पण नाकातल्या नळीतून पोटात गोळीच्या रूपाने दिलेलं थायरॉक्सिन आणि शिरेतून दिलेलं थायरॉक्सिन यांच्या परिणामात त्यांना फरक आढळला नाही. सुस्तावलेल्या आतड्यांतून औषध शोषलं जाईल का, ही शंका रास्तच आहे. तरीही ज्या रुग्णालयात इंजेक्शन नाही तिथल्या डॉक्टरला हा अभ्यास केवढा आधार देतो! ठरलेल्या मात्रेइतक्या गोळ्या कुटून, पाण्यात कालवून नळीतून द्यायच्या आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं, एवढं तरी कुठेही करता येतं. याच अभ्यासातली दुसरी नोंद मला जास्त अस्वस्थ करते. रोग नव्याने सापडलेल्यांपेक्षा, माहीत असून गोळी मध्येच सोडलेल्यांची अवस्था अधिक गंभीर होती.

आपल्याकडे घराघरांत आज कितीतरी जणांना ही गोळी चालू आहे. देशातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली, तीत दर दहांमागे एकाला थायरॉइडची कमतरता होती. त्यातली फार थोडी माणसं कधी या टोकाला पोहोचतात. पण पोहोचतात ती बहुधा एकटी राहणारी, विसरभोळी झालेली, किंवा गोळ्यांचा डबा भरून देणारं माणूस घरातून गेलेली. जोडीदाराच्या निधनानंतर कुणाच्या गोळ्या बंद पडल्या का, हे कुणी विचारत नाही. गळ्यावर शस्त्रक्रियेचा आडवा व्रण असलेली किंवा थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडिन घेतलेली वयस्कर व्यक्ती थंडीच्या दिवसांत गुंगीत दिसली, अंगाला हात लावला तर गार लागली, उत्तरं देईनाशी झाली, तर झोपू द्या, थकलीय, असं म्हणू नये. शेकही देऊ नये. ब्लँकेट पांघरून, घरातली सगळी औषधं बरोबर घेऊन, थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावं आणि दारातच 'थायरॉइडची गोळी बंद होती' हे चार शब्द सांगावेत. त्या चार शब्दांनी डॉक्टरांचे कित्येक तास वाचतात.

उपचार लागू पडले तर अंगात ऊब परत येते, नाडी वाढते, सोडियम सावरतं, बाई कुणीतरी हाक मारली की नीट उत्तर देतात. यातलं बरंचसं पहिल्या दोन-चार दिवसांत दिसू लागतं. टीएसएच मात्र आठवडे घेतं, त्वचेची जाडी आणि आवाजाचा घोगरेपणा त्याहूनही जास्त. घरी जाताना रोजची गोळी ठरते: सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून निदान चार तास लांब, कारण ती दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून धरतात. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासायचं असतं. आणि बरे डॉक्टर निघताना आणखी एक गोष्ट विचारून घेतात: रोज सकाळी ही गोळी यांच्या हातात कोण देणार?